चौथी नळी

साकोलीच्या पुढे, धानाच्या बांध्या संपतात तिथे
आमचं घर. फरशीखाली नळ्या असलेलं एकटंच.
गाव हसलं होतं : आपल्या इकडे कोणी फरशी तापवते का?
म्हटलं, पौषात या. पहाटे चारला,
तलावावरून वारा सुटतो तेव्हा, अनवाणी या.

हवालदार गहाणे लेहहून परतले
ते डाव्या पायाची तीन बोटं तिकडंच ठेवून.
उरलेल्या सातांना काही कळत नाही,
निखारा काय, ओली माती काय.
पेन्शनच्या पहिल्या पैशातून त्यांनी घर उखडलं,
पाच नळ्या अंथरल्या जिलबीसारख्या वळवून वळवून,
मागच्या पडवीत तुसावरचा बॉयलर,
भिंतीवर पितळी तोट्यांची रांग.
ज्यानं ऊब घातली त्यालाच ती लागत नाही,
म्हणून चालायचं काम माझं.
"सांग, कुठं गरम, कुठं गार?"
मी सांगते. ते वहीत लिहितात.

यंदा संक्रांतीआधी
त्यांच्या खाटेकडची बाजू गार पडली.
सांगितलं, तर म्हणाले, "राहू दे, धुकं आहे म्हणून."
घरातल्या फरशीला धुकं?

राहू दिलं नाही.
पंपाला कान लावला : घुरघुर ठीक.
जाणारी नळी धरली, हात झटकला.
परतणाऱ्या धरल्या एकेक करून,
पहिली कोमट, दुसरी कोमट, तिसरीही,
चौथी नदीतल्या गोट्यासारखी.
हवा अडकली असेल, म्हणून चावीने स्क्रू सैल केला.
फुस्स झालं थोडं, मग काळं पाणी, गंजाचा वास.
दोन तास थांबले. फरशी लगेच उत्तर देत नाही,
माझ्या थोरल्या नणंदेसारखी
आधी सगळं ऐकून घेते.

दुपारी ओल्या फडक्याने घर पुसलं
आणि दाराशी बसून वाळताना पाहिलं.
नळीवरचं आधी वाळतं.
काळ्या ओलीतून वळणावळणाच्या पांढऱ्या रेघा वर आल्या,
जशी कोणी खालूनच रांगोळी टाकतंय.
खाटेखाली काही नाही. ओल तशीच.
मांजर तर तिथून कधीचीच उठून गेलेली.
तिलाच विचारलं असतं तर सकाळीच काम झालं असतं.

मग तोट्या पाहिल्या. चौथी
पूर्ण बंद. वर पांढरा दोरा,
दोन गाठी, फौजी.
आणि वहीत, नोव्हेंबरच्या पानावर त्यांचं अक्षर :
"नं. ४ बंद. रोज दीड टोपली तूस वाचते.
तिथे मीच झोपतो."

बचत मलाही कळते.
पाणी पस्तिसाच्या वर जाऊ द्यायचं नाही,
सतरंज्या गुंडाळून ठेवायच्या,
रात्री विझवून सकाळी भडकवायचं नाही,
मंद ठेवायचं, पण अखंड,
हे सगळं त्यांनीच शिकवलं.
शेवटचं वाक्य मात्र शिकवलं नव्हतं.

विळीवर दोरा कापला.
चौथी अर्धा आटा उघडली,
पहिली आणि तिसरी किंचित आवळली,
नाहीतर जवळच्याच नळ्या सगळं पाणी पिऊन टाकतात.
वहीत लिहिलं नाही.
रात्री ते झोपल्यावर
खाटेखाली हात घालून पाहिला. अजून गार.
दोनला उठले. जरा बरं.
पहाटे तळवा टेकवला आणि तिथेच बसून राहिले.

आठव्या दिवशी वही घेऊन आले, चष्मा कपाळावर.
"तूस जास्त जाते. कुठं गळते काय?"
म्हटलं, "थंडी वाढली."
त्यांनी तसं लिहून घेतलं. तारीख टाकली.

मांजर खाटेखाली, चौथ्या नळीवर,
लांबच लांब पसरलेली.
त्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं.
पेन्सिल थोडा वेळ
कागदावर तशीच उभी.